पत्र्याचा भाव आणि छताची किंमत

'घराचं छत बदलायला किती खर्च येतो?' हा प्रश्न आपल्या गावी कुणालाही विचारून बघा. उत्तर एका दमात मिळतं, "फुटाला शंभर-सव्वाशे धरा." उत्तर देणारा खोटं बोलत नसतो. पण हा फूट नेमका कुठला, आणि त्या शंभर-सव्वाशेत काय काय येतं, हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. कामाच्या शेवटी जी भांडणं होतात ती बहुतेक याच दोन प्रश्नांवरून होतात.

आमचं घर कुरकुंभला. दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर, फिरंगाई देवीचं गाव. आता लोक ते एमआयडीसीमुळे जास्त ओळखतात. घर पणजोबांच्या काळातलं, दगड-मातीच्या दीड फुटी भिंतींचं. आधी त्यावर माळवद होतं, आजोबांनी ते उतरवून लाकडी वाशांवर पत्रा टाकला. तो पत्रा आता चाळणी झालाय. वळवाचा पाऊस आला की घरातल्या सगळ्या पातेल्यांना काम मिळतं! तेव्हा यंदा छत बदलायचं ठरलं, आणि मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असल्यामुळे हिशेब माझ्याकडे आला. आमच्या 'एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग'च्या जाड पुस्तकात सगळं काही आहे, फक्त कुरकुंभचा वेल्डर नाही. शिवाय मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, मला ट्रस, पर्लिन, रिज हेच शब्द पाठ. त्यांना कैची, आडवे पाईप आणि आढं म्हणतात हे वेल्डिंगवाल्या काकांकडून कळलं. असो.

तर पहिला प्रश्न, फूट कुठला? आमचं घर बाहेरून ३० फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे ६०० चौरस फूट. पप्पांनी पहिल्या वेल्डरचा ११० रुपयांचा भाव ऐकला आणि जागच्या जागी ६६ हजार हा आकडा मनात धरला. गावात बहुतेक जण असाच हिशेब करतात. पण छत भिंतीवर संपत नाही. दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट वळचण आणि पाखाड्यांना एक-एक फूट बाहेर काढावंच लागतं, नाहीतर पावसाचं पाणी मातीच्या भिंतीवरून उतरतं. म्हणजे झाकायची जागा २३ गुणिले ३२, अर्थात ७३६ चौरस फूट. छताला उतार असतो, तोही मोजायला हवा. आम्ही चारास एक उतार धरला, म्हणजे चार फूट आडवं गेलं की एक फूट चढ. पायथागोरस आठवा! त्या उतारामुळे क्षेत्रफळ तीन टक्क्यांनी वाढतं आणि ७५९ चौरस फूट होतं. वेल्डर बिल लावतो ते या ७५९ वर, आणि ते रास्तच आहे. ११० च्या भावाने ८३,४९० रुपये झाले. पप्पांच्या मनातल्या आकड्यापेक्षा साडेसतरा हजार जास्त, आणि अजून कुणी कुणाला फसवलेलंही नाही.

पत्रा मात्र ७५९ चौरस फूट आणून भागत नाही. रंगीत पत्रा मिळतो साधारण साडेतीन फूट रुंदीचा, पण एकावर एक चढवल्यावर प्रत्यक्षात एक मीटर, म्हणजे ३.२८ फूटच झाकतो. ३२ फुटांच्या लांबीला दर बाजूला १० पत्रे लागतात. एका उताराची लांबी पावणेबारा फुटांच्या जरा वर भरते, म्हणून पत्रा १२ फुटी घ्यायचा. दोन्ही बाजू मिळून २० पत्रे, प्रत्येकी ४२ चौरस फूट, एकूण ८४०. म्हणजे घर ६०० चं, छत ७५९ चं आणि पत्रा ८४० चा. दुकानदाराला फूट विचारला तर तो शेवटचा सांगेल, वेल्डर मधला आणि आपण पहिला. तिघेही 'फूट'च म्हणतात. इथे एक फायद्याची गोष्ट सांगते. उतार ठरवतानाच पत्र्याची लांबी बघावी. आम्ही उतार थोडा वाढवला असता तर १२ फुटी पत्रा पुरला नसता, मध्ये जोड द्यावा लागला असता. आडवा जोड म्हटला की निदान सहा इंच पत्रा एकमेकांवर चढवायला जातो आणि गळतीला नवी जागा तयार होते.

आता दुसरा प्रश्न, त्या भावात काय काय? आम्हाला दोन कोटेशनं मिळाली, एक ११० चं आणि दुसरं १३५ चं. काम तेच, घर तेच, दोन्हींत 'कैची, पाईप, पत्रा, फिटिंगसह' एवढंच लिहिलेलं. फरक जवळजवळ १९ हजारांचा. घरात सगळ्यांनी अर्थातच स्वस्ताच्या बाजूने मत दिलं. मी दोघांनाही एकच विचारलं, "काका, पत्रा किती मिलिमीटरचा आणि पाईप किती मिलिमीटरचा?" स्वस्तवाल्याचा पत्रा ०.४० आणि पाईप १.६ चा निघाला, दुसऱ्याचे ०.५० आणि २ चे.

लोखंडाचं एक बरं असतं, ते वजनात खोटं बोलत नाही. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो. पत्रा वाकवण्याआधी १२२० मिलिमीटर रुंदीचा सपाट असतो. त्यावरून ०.५० चा १२ फुटी पत्रा साडेसतरा किलोचा भरतो आणि ०.४० चा १४ किलोचा. वीस पत्र्यांत ७० किलोंचा फरक. कैच्या आणि पाईप मिळून आमच्या छताला ५०० किलो लोखंड लागतं, ते १.६ च्या पाईपात ४०० होतं. एकंदर १७० किलो लोखंड स्वस्त कोटेशनमध्ये नव्हतंच. पत्रा किलोला १०५ रुपये, पाईप घडाईसह ९२ रुपये, असा हिशेब केला तर फरकातले साडेसोळा हजार या नसलेल्या लोखंडाचे होते. उरलेले आडव्या पाईपांतलं अंतर वाढवून वाचवलेले. तेव्हा स्वस्त कोटेशन स्वस्त नव्हतं, फक्त हलकं होतं. गेज विचारू नका, मिलिमीटर विचारा. गेजच्या मापांचे निरनिराळे तक्ते आहेत. २६ गेज एका तक्त्यात ०.४६ मिलिमीटर येतो आणि दुसऱ्यात ०.५५.

जाडीइतकाच महत्त्वाचा आहे जस्ताचा थर, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. साध्या गॅल्वनाइज्ड पत्र्यावर जस्त किती ते ग्रॅममध्ये सांगतात, दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून. १२० ग्रॅमचा पत्रा म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन, २७५ ग्रॅमचा म्हणजे एकोणीस मायक्रॉनच्या वर. डोळ्यांना दोन्ही सारखेच चकाकतात. हवेत गंधकाची संयुगं किंवा आम्लाची वाफ असेल तिथे जस्त भराभर झिजतं, आणि रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीशेजारी राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. वर्षाला दोन मायक्रॉन झीज धरली तर पहिल्या पत्र्याचं कवच चार वर्षांत संपतं आणि दुसऱ्याचं साडेनऊ वर्षांत. भावातला फरक काही इतका दुपटीचा नसतो. रंगीत पत्र्यावर रंगाचं आणखी एक कवच असतं, आणि जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचा थर असेल तर तो साध्या जस्तापेक्षा चांगला टिकतो. म्हणून आम्ही तो घेतला.

आता आमचा पूर्ण हिशेब मांडते. भाव आमच्या कोटेशनमधले आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील, पण कशाला किती वाटा जातो ते बघण्यासारखं आहे. पत्रा ८४० चौरस फूट, ४४ रुपयांनी, करासकट ३६,९६०. लोखंड, घडाई आणि रंग मिळून ५० हजार. आढ्यावरची टोपी, स्क्रू आणि रबरी वॉशर साडेपाच हजार. पत्रा चढवण्याची मजुरी ९,१००. इथपर्यंत बेरीज १,०१,५६०, म्हणजे ७५९ फुटांवर फुटाला १३४ रुपये. दुसरं कोटेशन बरोबर होतं याचा हा पुरावा. पण काम इथे संपत नाही. जुना पत्रा-वासे उतरवणं आणि टेम्पोचं भाडं ८ हजार, पन्हाळी आणि पाईप ८ हजार आणि भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा २६ हजार. एकूण १,४३,५६० रुपये. जुन्या पत्र्याच्या भंगाराचे सहा हजार वजा करायचे तर करा. यात ज्याच्या भावाची सगळे चौकशी करतात त्या पत्र्याचा वाटा रुपयात चार आण्यांच्या जरा वर!

बेरीज ऐकल्याबरोबर माझे मोठे चुलते, नाना, म्हणाले, "दीड लाखाला पत्रा? अगं, तेवढ्यात स्लॅब होतो की." नानांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी हिशेब करून बघितला. ६०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सात घनमीटर काँक्रीट. घनमीटरला आठ पोती धरली तर ५६ पोती सिमेंट. लोखंड साधारण ५६० किलो, वाळू सव्वा ब्रास, खडी सव्वादोन ब्रास. माल, सेंट्रिंग, मजुरी आणि वरचा विटांचा कोबा धरून आकडा १ लाख ३४ हजारांवर येतो. म्हणजे नानांचं खरंच होतं, पत्र्यापेक्षा नऊ-दहा हजारांनी कमीच! आणि गावात स्लॅबच्या घराला जी पत आहे ती पत्र्याला नाही. मुलीचं स्थळ बघायला येणारे आधी वर बघतात, हे आमच्या घरात बोलून दाखवलं गेलं. (रोख कुणाकडे होता ते सांगायला नको.)

पण हा स्लॅब उभा कशावर राहणार? सात घनमीटर काँक्रीटचं वजन साडेसतरा टन, कोबा आणि वर चढणारी माणसं वेगळी. पत्रा आणि कैच्यांचं सगळं मिळून ८५० किलो. वीसपट फरक. मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर स्लॅब टाकायचा नसतो, त्यासाठी कॉलम, फुटिंग, बीम असा सांगाडा आधी उभा करावा लागतो. आमच्या घराला बारा कॉलम लागतील आणि कंत्राटदाराने सांगितलेला आकडा साडेतीन लाखांच्या पुढे आहे. तो खर्च छताचा नव्हे, नव्या घराचा. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण भागातले सपाट प्रदेशासाठीचे १ लाख २० हजारही नवीन घर बांधणाऱ्यालाच मिळतात, नुसतं छत बदलायला नाही.

यावर आज्जीने जो मुद्दा काढला तो आमच्या वर्गात कुणालाही सुचला नसता. ती म्हणाली, "पोरी, ह्याच भिंतींवर हातभर पांढरी माती व्हती. तवा न्हाई पडल्या, आत्ताच कशा पडतील?" मी कागद घेऊन बसले. फूटभर मातीचं वजन दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास. स्लॅब अधिक कोबा? तेही ५०० च्या आसपास! आज्जीचं गणित चोख होतं.

मग फरक कुठे आहे? माळवदाचं ओझं चांगल्या बांधणीच्या घरात निव्वळ भिंतीवर नसायचं. आतल्या बाजूने लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर कड्या, असा सांगाडा ते पेलायचा. आमचे खांब आजोबांनी पत्रा टाकताना काढले, त्या लाकडाचा पलंग अजून घरात आहे. आणि ज्यांचं ओझं भिंतींवर होतं त्यांचं काय झालं, ते महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिलं. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, दमलेली माणसं घरात झोपलेली. अधिकृत आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरच्या जाड मातीच्या छतांखाली. दगड-मातीच्या भिंतीला ओझं सरळ खाली जाईपर्यंत काही होत नाही. आडवा हिसका बसला की तिचे आतले आणि बाहेरचे दगड वेगळे होतात आणि वरचं सगळं खाली येतं. तिथे लाकडी खांबांचा सांगाडा ज्या घरांत शाबूत होता, तिथे भिंती ढासळूनही छत जागेवर उभं राहिल्याची उदाहरणं आहेत. त्यानंतर जुनी घरं मजबूत करताना भिंतीत आरपार जाणारे दगड आणि भिंतीच्या माथ्यावर सलग पट्टा, या दोन गोष्टींवर भर दिला गेला. आमच्या हिशेबातला २६ हजारांचा पट्टा तो हाच. सगळ्या भिंतींवरून फिरणारा, चार इंच जाडीचा, आत चार सळ्या असलेला. स्वस्त कोटेशनमध्ये तो नव्हता, महागात पण नव्हता. वेल्डरच्या दृष्टीने ते गवंड्याचं काम आणि गवंड्याला छताच्या कामाला कुणी बोलावतच नाही.

या पट्ट्याचं दुसरं काम वाऱ्याशी आहे. स्लॅबची भीती तो खाली येण्याची, पत्र्याची भीती तो वर जाण्याची! आपल्या मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय. त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब मिळतो, ९१३ न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला ९३ किलो. आमच्या छताचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला १२ किलो. वारा छतावरून जाताना ते वर ओढतो. सगळीकडे सारखं नाही, पण वळचणीला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ ही ओढ सर्वांत जास्त असते. आमच्याकडे लोक पत्र्यावर दगड, जुने टायर ठेवतात. दहा किलोचा दगड नव्वद किलोच्या ओढीला काय पुरणार? उलट पत्रा उडाला की दगडही उडतो आणि शेजाऱ्याच्या अंगणात पडतो. कैची पट्ट्यात पुरलेल्या बोल्टला बांधली, की पट्ट्याचं जवळपास चार टन वजन छताला खाली धरून ठेवतं. बोल्टचे पैसे शे-दोनशेत येतात, पण पट्टाच नसेल तर ते पुरायचे कशात? मातीत?

ज्यांच्याकडे सिमेंटचे जुने पत्रे आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सरचा धोका असतो. ते वरून फेकू नका, फोडू नका. पाणी मारून, स्क्रू सोडवून अख्खेच्या अख्खे उतरवा. त्याला मजुरी थोडी जास्त पडते, ती हिशेबात आधीच धरा.

राहिला प्रश्न उकाड्याचा. दौंडच्या मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बसून दाखवा, मग बोला, असं आज्जी म्हणते आणि तिला उत्तर नाही. रंग गडद निळ्याऐवजी पांढरा घ्यायचा, त्याला जादा पैसे पडत नाहीत. पत्र्याखाली फॉइलचं इन्सुलेशन घालायला फुटाला बावीस रुपये सांगितलेत, म्हणजे साडेसोळा हजार. ते पैसे सध्या नाहीत. म्हणून निदान आज्जीच्या खोलीवर तरी आत्ताच घालून घ्यायचं ठरलंय, कारण पत्रा चढल्यावर ते काम दुप्पट त्रासाचं होतं.

नाना अजून पूर्ण राजी नाहीत. पण कोटेशन नव्याने लिहून घेतलंय. त्यात पत्र्याची जाडी, थराचे ग्रॅम, पाईपची जाडी, आडव्या पाईपांतलं अंतर, आणि मोजमाप उतारावर धरणार हे सगळं मराठीत लिहिलंय. पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस झाल्यावर. वेल्डिंगवाले काका आधी कुरकुरले, मग म्हणाले, "ताई, असं लिहून मागणारं गिऱ्हाईक पहिलंच." टेम्पो आला की पहिला पत्रा काट्यावर चढवायचा हे पप्पांनी ठरवून टाकलंय, आणि 'साडेसतरा किलो' असं भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी लाल पेनने लिहून ठेवलंय.